विहीर भरलेली असताना

मंडळी, दिवाळीचे आकाशकंदील उतरले की गावच्या ग्रामपंचायतीबाहेरचा फळा पुसला जातो आणि त्यावर थंडीतल्या सूचना येतात. घरपट्टी-पाणीपट्टी भरा. रब्बीच्या पीकविम्याची मुदत अमुक तारखेपर्यंत. कालव्याचं पाणी हवं असेल तर नमुना नंबर सातचा अर्ज भरून द्या. जुन्नर-शिरूरकडच्या उसाच्या पट्ट्यात वन विभागाचाही फलक लागतो: तोडणी सुरू आहे, बिबट्याचा वावर आहे, अंधारात एकट्यानं शेतात जाऊ नका, लहान मुलांना अंगणात एकटं सोडू नका, उसात बछडे दिसले तर हात लावू नका. पूर्वी हेच सगळं कोतवाल दवंडी पिटून सांगायचा. आता फळ्याचा फोटो गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतो आणि मुंबई-पुण्यात, नाहीतर इथे जयपुरात बसलेल्या माणसालाही कळतं, की गावी यंदा काय चाललंय.

यातल्या बहुतेक सूचना आपण वाचतो आणि पुढे सरकतो. पण काही गावांत थंडीच्या तोंडावर एक अशी सूचना निघते, जी वाचून सरळ माणसाच्याही कपाळावर आठी यावी. तुमच्या स्वतःच्या जमिनीत, स्वतःच्या विहिरीवर, यंदा कोणतं पीक घ्यायचं नाही, हे गाव तुम्हाला सांगतं. विहिरीत डोकावलं तर पाणी हाताला लागेल इतकं वर आहे. आणि तरीही नाही म्हणायचं. आज त्या सूचनेबद्दल बोलू या.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातलं हिवरे बाजार हे गाव तुम्ही ऐकून असाल. पर्जन्यछायेतलं गाव, पाऊस वर्षाला साडेतीनशे-चारशे मिलिमीटर. आमच्या जयपूरला याहून जास्त पडतो, म्हणजे राजस्थानचं नाव उगाच बदनाम आहे म्हणा! १९७२ च्या दुष्काळानंतर या गावाची घडी पार विस्कटली. डोंगर बोडके झाले, माणसं मजुरीला बाहेर पडली. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे आदर्श गाव योजनेतून डोंगरउतारावर समतल चर खणले, नाल्यांवर बांध घातले, झाडं लावली. १९९५ मध्ये गावातल्या एकशे ऐंशीच्या आसपास कुटुंबांपैकी १६८ दारिद्र्यरेषेखाली होती. नंतर ही संख्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. २०२० मध्ये पवारांना पद्मश्री जाहीर झाली. एवढी गोष्ट बहुतेकांना माहीत असते, आणि ती सांगताना लोक चर आणि बंधाऱ्यांपाशी थांबतात. चर आणि बंधारे महाराष्ट्रात हजारो गावांत झाले हो. पहिली दोन वर्षं विहिरी भरल्या, तिसऱ्या वर्षी त्या पाण्यावर ऊस उभा राहिला, चौथ्या वर्षी टँकर आला. हे तुम्ही-आम्ही सगळ्यांनी पाहिलंय.

हिवरे बाजारात वेगळं काही असेल तर ते पाणी आल्यानंतर झालं. गावाची पंचसूत्री होती: नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान. डोंगरावर गुरं मोकळी सोडायची नाहीत, गवत कापून आणायचं. झाड तोडायचं नाही. त्यात पुढे पाण्याचे नियम जोडले गेले. शेतीसाठी बोअरवेल नाही. ऊस नाही, केळी नाही. आणि पावसाळा संपला, की पाण्याचा ताळेबंद. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या मदतीनं गावानं पर्जन्यमापक बसवले, काही विहिरी निरीक्षणासाठी ठरवल्या. किती पाऊस पडला, त्यातला किती मुरला, विहिरींची पातळी कुठे आहे, हे ग्रामसभेत मांडलं जातं. मग वाटणी. आधी माणसांचं आणि गुरांचं पिण्याचं पाणी, मग घरातली इतर गरज. त्यातून जे उरेल, त्यातला साधारण सत्तर टक्के भाग शेतीला आणि तीस टक्के जमिनीतच, पुढच्या वर्षासाठी. शेतीच्या वाट्यात किती बसतं ते पाहून रब्बीत काय घ्यायचं ते ठरतं. पाऊस कमी झाला असेल तर गहू कमी, ज्वारी-हरभरा जास्त, उन्हाळी पीक जवळजवळ नाहीच.

आता हा हिशेब कसा चालतो ते आपण घरबसल्या करून पाहू. मुलांना हाक मारा, त्यांना हे आवडेल. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर जागेवर पडला, की बरोबर एक लिटर पाणी होतं. एवढं एकच वाक्य लक्षात ठेवायचं. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. म्हणजे एक मिलिमीटरला दहा हजार लिटर. हिवरे बाजारचं क्षेत्र सुमारे ९७७ हेक्टर. चारशे मिलिमीटर पाऊस धरला तर गावाच्या हद्दीत पडलेलं पाणी होतं साधारण ३९० कोटी लिटर. आकडा ऐकून वाटतं, अरे बापरे, आता कमी काय पडणार? पण त्यातलं बरंचसं उन्हानं उडून जातं, काही झाडं-गवत पितात, काही ओढ्यानं वाहून जातं. विहिरीत येतो तो त्यातला लहान हिस्सा.

आणि खर्चाची बाजू? गव्हाला पेरणीपासून काढणीपर्यंत साधारण चाळीस सेंटिमीटर पाणी लागतं. एका एकराचं हे पाणी होतं सुमारे सोळा लाख लिटर. जल जीवन मिशनचा ग्रामीण भागासाठीचा निकष आहे माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे वर्षाला वीस हजार लिटर. भागाकार करून पाहा. एक एकर गहू म्हणजे ऐंशी माणसांचं वर्षभराचं घरातलं पाणी. पाटानं पाणी दिलेल्या उसाला दोन मीटर किंवा त्याहून जास्त पाणी लागतं. म्हणजे एक एकर उसात चारशे माणसं. लहानशा गावात तीन-चार एकर ऊस कोणी लावला, तर त्यानं सगळ्या गावाच्या हंड्याएवढं पाणी उचललं. त्याच्या मनात काही वाईट नसतं. त्याला विहीर भरलेली दिसते, कारखान्याचा भाव दिसतो, मुलीचं लग्न दिसतं. त्याच्या विहिरीतलं पाणी शेजारच्या विहिरीतून आणि गावच्या आडातून सरकत येतंय, हे डोळ्यांना दिसत नाही. हरभऱ्याला जमीन चांगली असेल तर एक-दोन पाण्यांत भागतं, आणि रब्बी ज्वारी तर बऱ्याचदा जमिनीतल्या ओलीवरच येते.

म्हणून ही सूचना थंडीत निघते. एप्रिलमध्ये पाणी नाही म्हणून ऊस लावू नका, हे सांगायला ग्रामसभा कशाला हवी, ते विहीरच सांगते. पण मार्गशीर्षात, धुकं पडलेलं, विहीर तुडुंब, पेरणीची घाई, अशा वेळी गावानं एकत्र बसून ‘एवढंच’ म्हणायचं, हे खरोखर अवघड आहे. मला विचाराल तर बंधारा बांधण्यापेक्षा अवघड. बंधाऱ्याला सरकारी पैसा मिळतो आणि फीत कापायला पाहुणे येतात. या सूचनेला दोन्ही नाही.

तुम्ही म्हणाल, मग कायदा कशाला आहे? आहे की. १९९३ च्या कायद्यानं सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घ्यायला मनाई केली. २००९ चा महाराष्ट्र भूजल अधिनियम २०१४ पासून लागू झाला. साठ मीटरपेक्षा खोल विहीर म्हणजे ‘खोल विहीर’ आणि शेतीसाठी ती घ्यायची नाही, असं तो म्हणतो. आता तुमच्या ओळखीच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, बोअर किती फुटांवर गेलं. साठ मीटर म्हणजे जेमतेम दोनशे फूट. उत्तर ऐकून कायद्याची तब्येत कळेल. रात्री गावात बोअरची गाडी शिरते तेव्हा तहसीलदार झोपलेले असतात, पण शेजारी जागा असतो. गावाचा नियम चालतो तो याच जोरावर. तो शेजाऱ्यांसमोर ठरलेला असतो, आकडे सगळ्यांनी ऐकलेले असतात, आणि कोणाच्या रानात काय हिरवं आहे हे सकाळी दूध घालायला जाताना दिसतंच.

याची दुसरी बाजूही आहे. गावाच्या डोळ्याला सगळं दिसतं, तेव्हा त्या डोळ्याचा जाचही होतो. हिवरे बाजारात लग्नाआधी एचआयव्हीची तपासणी सक्तीची केली गेली होती. हेतू चांगला असला तरी गावानं माणसाच्या आयुष्यात किती आत यावं, हा प्रश्न माझ्या मनात राहतोच. प्रत्येक नियम उचलून आपल्या गावी न्यावा असं मी म्हणणार नाही. पाण्याचा नियम मात्र वेगळा आहे. जमिनीला बांध असतो, जमिनीखालच्या पाण्याला नसतो.

आणि हे हिवरे बाजारलाच सुचलं असंही नाही. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम नद्यांवर शेकडो वर्षं फड पद्धत चालत आली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे मोठे भाग पाडायचे, त्यांना फड म्हणायचं, आणि दरवर्षी कोणत्या फडात कोणतं पीक हे गावकऱ्यांनी मिळून ठरवायचं. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. एका फडात सगळ्यांचं पीक एकच, त्यामुळे मला जास्त पाणी दे, असं म्हणायला जागाच नाही. शहाणी माणसं होती.

पुरंदर तालुक्यात १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावात काम सुरू केलं आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. त्यांचा नियम तर अजून पुढचा होता. पाणी जमिनीच्या हिशेबानं नाही, घरातल्या माणसांच्या हिशेबानं. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस नाही. ज्याला जमीनच नाही, त्या भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. हे वाचायला सोपं आहे. वीस एकरवाल्या माणसानं अडीच एकराच्या पाण्यावर सही करायची, आणि शेजारी ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याच्याही वाट्याला पाणी आहे हे मान्य करायचं, हे कसं घडलं असेल, याचा विचार करा. ताळेबंदात आकडे कितीही बरोबर असले, तरी शेवटी भांडण याच जागी होतं: हे पाणी कोणाचं? विहीर ज्याची त्याचं, की तहान ज्याला त्याचं?

आता थोडं इकडचं. जयपूरहून अजमेरच्या रस्त्यानं निघालं की दुदू लागतं. मध्यंतरी त्याला वेगळा जिल्हा केला होता, २०२४ च्या डिसेंबरात तो रद्द होऊन परत जयपुरात आला. या दुदू भागात लापोडिया नावाचं गाव आहे. इथे लक्ष्मणसिंह यांनी १९७७ च्या सुमारास, अगदी तरुण वयात, गावचा फुटका तलाव दुरुस्त करायला घेतला. २०२३ मध्ये त्यांनाही पद्मश्री मिळाली. लापोडियाची ओळख म्हणजे चौका. गायरानावर (इकडे त्याला गोचर म्हणतात) उथळ, चौकोनी खाचरं पाडायची आणि तीन बाजूंनी बुटके बांध घालायचे. पावसाचं पाणी एका चौक्यात नऊएक इंच साचतं, मग पुढच्यात सरकतं, असं करत करत तलावाला मिळतं. नऊच इंच का? जास्त खोल पाण्यात गवत कुजतं, एवढ्यात तगतं. गवत टिकलं की गाय टिकते, आणि दोन वर्षं पाऊस नाही पडला तरी दुधावर घर चालतं. अनुपम मिश्र यांनी या गावावर ‘गोचर का प्रसाद बांटता लापोड़िया’ नावाची छोटीशी पुस्तिकाच लिहिली आहे. हिंदी वाचता येत असेल तर जरूर मिळवा.

नियम इथेही आहेत. शिकार नाही, झाड तोडणं नाही. पण मला मजा वाटली ती त्यांच्या वेळेची. देवउठनी ग्यारसला, म्हणजे कार्तिक शुद्ध एकादशीला, या भागातली माणसं पदयात्रेला निघतात. तलावाची पूजा करतात, झाडांना राखी बांधतात, गावोगाव जाऊन जमीन-पाणी जपायची शपथ देतात. तिथी ओळखीची वाटली ना? आपली कार्तिकी. आपल्याकडे पंढरपूरच्या वाळवंटात टाळ वाजत असतो, त्याच दिवशी इकडची माणसं तलावाच्या पाळीवर उभी असतात. सूचना तीच, फक्त फळ्यावर लिहिण्याऐवजी राखीच्या दोऱ्यानं बांधलेली. फळ्यावरची सूचना पुसता येते. हातानं बांधलेली राखी तोडायला माणूस कचरतो.

राजस्थानच्या थंडीचा अजून एक पैलू आपल्याला नवा वाटेल. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पाऊस आला की द्राक्षवाल्यांची झोप उडते, आपण त्याला अवकाळी म्हणतो. इकडे त्याच पावसाला ‘मावठ’ म्हणतात आणि त्याची वाट पाहतात, कारण तो गव्हाला आणि हरभऱ्याला फुकटचं पाणी देतो. उलट भीती असते ती ‘पाला’ पडण्याची. मराठीत पाला म्हणजे झाडाची पानं. इकडे पाला म्हणजे पिकावर गोठलेलं दव. जयपूर जिल्ह्यातल्या जोबनेरला काही वर्षी पारा शून्याखाली जातो. अशा रात्री मोहरी आणि भाजीपाला जळून जातो, म्हणून कृषी खात्याची सूचना येते: पाला पडायची शक्यता असेल तर पिकाला हलकं पाणी द्या. ओली जमीन ऊब धरून ठेवते. म्हणजे ताळेबंदात तेवढं पाणीही राखून ठेवायला हवं. ज्यानं डिसेंबरमध्येच विहीर उपसली, त्याच्याकडे त्या एका रात्रीपुरतंही पाणी नसतं.

मोठ्या शहरांनी असा ताळेबंद केला नाही तर काय होतं, ते पाहायला मला लांब जावं लागत नाही. जयपूरजवळ रामगढचं धरण आहे. १९८२ च्या आशियाई खेळांतल्या नौकानयनाच्या शर्यती इथे झाल्या होत्या. शहर अनेक वर्षं त्याचंच पाणी प्यायलं. वरच्या बाणगंगेच्या पाणलोटात अडथळे आणि अतिक्रमणं वाढत गेली आणि गेली दोनेक दशकं हा तलाव जवळपास कोरडाच आहे. जिथे होड्या पळाल्या तिथे गुरं चरतात. आता जयपूरला पाणी येतं बिसलपूरच्या धरणातून, शंभराहून जास्त किलोमीटरवरून. नळ उघडला की येतं, त्यामुळे कोणाला त्याचं फारसं वाटत नाही.

२०१९ च्या २५ डिसेंबरला केंद्र सरकारनं अटल भूजल योजना सुरू केली. तिच्या सात राज्यांत महाराष्ट्र आणि राजस्थान दोन्ही आहेत. योजनेतल्या गावांना पाण्याचा ताळेबंद करायला शिकवलं गेलं. तुमचं गाव त्यात असेल तर शाळेच्या किंवा पंचायतीच्या भिंतीवर जमा-खर्चाचा तक्ता रंगवलेला दिसेल. सुट्टीत गावी गेलात की तो जरूर वाचा आणि तारीख पाहा. तक्ता दोन वर्षांपूर्वीचा असेल, तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना हसत हसत विचारा, की भाऊसाहेब, यंदाचा कधी रंगवणार? प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेत हा प्रश्न विचारायला गावातला कोणीही मतदार उभा राहू शकतो. आपल्या आईला, वहिनीला बरोबर न्या. हंडा त्यांच्या डोक्यावर असतो, आणि पुरुष पिकांवर बोलत असतात तेव्हा पिण्याच्या पाण्याचा आकडा आधी वाचा, असं म्हणणारं कोणीतरी तिथे लागतं.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनाही सुटका नाही बरं का. तुमच्या सोसायटीला बोअर असेल तर या महिन्यात एकदा त्याची पातळी मोजून घ्या. पंप रात्रभर बंद ठेवा, सकाळी बोअरवाल्याकडून दोरी किंवा मोजणीची पट्टी सोडून पाणी किती फुटांवर लागलं ते बघा आणि लिफ्टशेजारच्या फळ्यावर तारखेसकट लिहा. जानेवारीत पुन्हा, फेब्रुवारीत पुन्हा. बाकी काही लिहू नका, उपदेश तर मुळीच नको. नुसते तीन आकडे एकाखाली एक. आणि गाड्या पाइपनं धुवायच्या की बादलीनं, हा विषय सोसायटीच्या सभेत काढायचा असेल तर तो फेब्रुवारीतच काढा. मे महिन्यात सगळे टँकरच्या वर्गणीवरून भांडत असतात, तेव्हा कोणी ऐकत नाही.